स्टॉपरचं नाव पण छापा ना

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. गेल्या आठवड्यात शाळकरी मुलींच्या फुटबॉल फायनलची चार ओळींची बातमी तुम्ही छापलीत, छापलीत याचा आनंदच आहे, पण त्यात नाव एकच, जिने गोल मारला तिचं. माझी भाची त्याच टीममध्ये स्टॉपर खेळते, म्हणजे आपल्या गोलपुढे मधोमध उभी राहून समोरच्यांना अडवणारी. मी मॅचला होते. आझाद मैदानावर सकाळपासून पाऊस, गोलपोस्टपुढे नुसता चिखल, शेवटची पाच मिनिटं राहिली असताना समोरची फॉरवर्ड गोलकीपरला पण चकवून पुढे गेली, आता बॉल आत जाणारच म्हणून मी डोळे मिटायच्या बेतात, तेवढ्यात आमची पोरगी आडवी पडली आणि अगदी लाइनवरून पायाने बॉल बाहेर काढला. मांडी सोलवटून निघाली. टीम 1-0 ने जिंकली. दुसऱ्या दिवशी तिनेच ती बातमी कात्रीने नीट कापली आणि गोल मारणाऱ्या मैत्रिणीला देण्यासाठी वहीत घालून नेली, ते बघून माझ्या पोटात तुटलं.

तिच्या कपाटाच्या दारावर आतून एक फोटो चिकटवलाय, कॅनडाची 3 नंबरची जर्सी, कदीशा ब्युकॅनन. मला आधी काहीच माहीत नव्हतं, पोरीमुळेच कळलं. ही 1995 ची, टोरंटोत जन्मलेली, सात बहिणींत सगळ्यात धाकटी, आई जमैकाहून आलेली, आईने एकटीने सगळ्यांना वाढवलं. 17 व्या वर्षी 2013 मध्ये कॅनडाकडून पहिली मॅच खेळली. दोनच वर्षांनी वर्ल्डकप त्यांच्याच देशात झाला, कॅनडा क्वार्टर फायनलला इंग्लंडकडून 2-1 हरली, पण स्पर्धेतली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून बक्षीस या 19 वर्षांच्या स्टॉपरला मिळालं. (त्या वर्ल्डकपच्या सगळ्या मॅच कृत्रिम टर्फवर होत्या, आणि टर्फवर घसरून पडलं की कातडीचं काय होतं ते आपल्याकडच्या मुलींना विचारा.) त्याच वर्षी कॅनडाच्या फुटबॉल असोसिएशनने वर्षातली बेस्ट खेळाडू म्हणून तिला निवडलं. त्याआधी सलग 11 वर्षं तो मान क्रिस्टीन सिंक्लेअरचा होता, म्हणजे गोल मारणारीचाच. त्यांनी बॅकला खेळणारीकडे नीट बघितलं म्हणूनच हे झालं ना?

नंतर फ्रान्सला लियों क्लबमध्ये गेली, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, पाच वेळा जिंकली, मग 2022 ला इंग्लंडचा चेल्सी क्लब. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते टोकियो ऑलिम्पिक. कॅनडाला गोल्ड मिळालं ते कसं बघा, ब्राझीलशी 120 मिनिटं 0-0 आणि पेनल्टीवर विजय, अमेरिकेला 1-0, त्यांना 20 वर्षांत हरवलं नव्हतं हो, आणि फायनलला स्वीडनशी 1-1, परत पेनल्टी. पेनल्टी शूटआउट सोडलं तर या शेवटच्या तीन मॅचमध्ये मिळून गोल खाल्ला एकच. हे मेडल डिफेन्सने आणलेलं आहे, आणि त्या डिफेन्सच्या मधोमध ही उभी होती.

भाची म्हणते, मावशी, चांगल्या स्टॉपरला सारखं पडावं लागत नाही, ती आधीच तिथे पोचलेली असते. मी आता मॅच बघताना बॉल सोडून तिच्याकडे बघते, तेव्हा कळतं की ती सारखी ओरडून बाकीच्यांना जागा सांगत असते, पासच्या आधी दोन पावलं मागे सरकते, आणि समोरचीला मग बॉल मिळतच नाही. जे झालंच नाही ते बातमीत कसं येणार, हे मला समजतं. पण लाइनवरून काढलेला बॉल तर सगळ्यांना दिसला होता ना?

2024 च्या नोव्हेंबरमध्ये ब्युकॅननच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटलं तेव्हा आमची पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. एवढा जीव लावतात या मुली. आणि कॅनडापर्यंत जायला कशाला पाहिजे, आपली मणिपूरची आशालता देवी, भारताची कॅप्टन राहिलेली, ती पण स्टॉपरच, 2024 मध्ये 100 आंतरराष्ट्रीय मॅच पूर्ण करणारी पहिली भारतीय बाई ठरली. आमच्या बिल्डिंगमध्ये मी दहा जणांना विचारलं, एकालाही नाव माहीत नव्हतं.

माझी विनंती छोटी आहे. तुमचा रिपोर्टर मैदानावर येतो किंवा कोचला फोन करतो तेव्हा गोल कोणी मारला याच्याबरोबर वाचवला कोणी एवढं एकच विचारू दे, आणि ते नाव त्याच चार ओळींत बसवा. जागा कमी पडली तर आमच्या मुलीचं राहू दे, दुसऱ्या कुठल्या तरी स्टॉपरचं छापा. पुढच्या रविवारी परत मॅच आहे, सोमवारी पेपर आला की ती चहाच्या आधी मागचं पान उघडेल.

आपली वाचक,
एक मावशी, चेंबूर