बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी निघताना बाबा जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, कट्ट्यावर सगळे आपापल्या मुलांचं सांगतात, मी तुझं काय सांगू, बॅटरीच्या कंपनीत आहे एवढंच म्हणतो, तू नक्की काय करतेस ते एकदा लिहून दे. मी हो म्हटलं आणि गाडीत बसले आणि नाशिक फाट्यापर्यंत तेच डोक्यात. पंचवीस वर्षं झाली मला या कामात आणि तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही. फोनवर बाबांना हल्ली नीट ऐकू येत नाही आणि समोर आलं की जेवण, औषधं, सोसायटीचं पाणी यातच दिवस जातो, म्हणून हे पत्र. आई तू मोठ्याने वाचून दाखव, सावकाश.

बाबा, तुम्ही मला पहिल्यांदा हायड्रोमीटर हातात दिलात तेव्हा मी तिसरीत असेन. नाना पेठेतलं आपलं दुकान, मागच्या भिंतीला चार्जिंगचं रॅक, लाल-काळे क्लिप, आणि ओळीने लावलेल्या रिक्षाच्या, मॅटाडोरच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या. झाकणं काढून ठेवलेली आणि आतून बुडबुड्यांचा आवाज. तुम्ही रबरी फुगा दाबून ॲसिड वर ओढायचात, काचेत तरंगणारी कांडी दाखवायचात आणि म्हणायचात, वाच. मी वाचायची, बाराशे दहा. मग तुम्ही म्हणायचात, अजून झाली नाही, बाराशे पन्नास आली की सांग. व्होल्टमीटर पण होता की आपल्याकडे, पण तुमचा त्याच्यावर विश्वास नव्हता, "व्होल्टेज फसवतं, ग्रॅव्हिटी बघ" हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात, ग्रॅव्हिटी म्हणजे ॲसिडचा दाटपणा, हायड्रोमीटर मोजतो तो. तेव्हा ते तुमचं एक वाक्य होतं माझ्यासाठी. नंतर कॉलेजात कळलं की ते शंभर टक्के बरोबर आहे, नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीच्या प्लेटवर वरवरचा चार्ज असतो, मीटर छान आकडा दाखवतो आणि आत काहीच नसतं. ॲसिड मात्र खरं सांगतं कारण बॅटरी उतरते तेव्हा ॲसिड स्वतःच प्लेटमध्ये खर्ची पडतं आणि पाणी उरतं, म्हणून कांडी खाली जाते.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अनंत चतुर्दशीची आदली रात्र तर मला अजून जशीच्या तशी आठवते. मंडळांच्या पोरांची रांग, स्पीकरचे ॲम्प्लिफायर चालवायला बॅटऱ्या हव्यात, तुम्ही रात्रभर दुकानात, दादा डबा घेऊन जायचा आणि मी हट्टाने त्याच्या सायकलवर मागे. आणि त्याच्या पुढच्या की त्याच्याही पुढच्या वर्षी ते झालं. एका रिक्षावाल्याने रॅकजवळ बिडी पेटवली. तुम्ही ओरडलात तोपर्यंत फाट्कन आवाज, बॅटरीचं झाकण उडालं आणि ॲसिड तुमच्या हातावर आणि भुवईवर. शेजारच्या काकांनी बादलीभर पाणी ओतलं आणि घरी आल्यावर आईने खायच्या सोड्याचा डबा काढून तुमचा शर्ट, चपला, जिथे जिथे थेंब होते तिथे सोडा टाकला, तो फसफसताना मी बघत बसले होते. त्या रात्री मी विचारलं की बॅटरीत तर पाणी असतं मग आग कशी लागली. तुम्ही म्हणालात, चार्जिंगच्या वेळी गॅस निघतो, हायड्रोजन, तो पेटतो. हायड्रोजन हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला बाबा, पुस्तकात नाही.

आणि तोच हायड्रोजन पुढे माझं काम झाला. म्हणजे बघा, तुम्ही बॅटरीत वीज घालायचात तर पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन व्हायचा. हे उलटंही करता येतं, हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन दिला की वीज मिळते आणि नळीतून पाणी बाहेर पडतं, त्याला फ्युएल सेल म्हणतात. ही नवीन गोष्ट नाहीये, विल्यम ग्रोव्ह नावाच्या माणसाने १८४२ मध्येच त्याची गॅस बॅटरी मांडली होती, म्हणजे तुमची शिशाची बॅटरी प्लांटेने १८५९ मध्ये केली त्याच्याही आधी. चंद्रावर माणसं गेली त्या अपोलो यानात वीज फ्युएल सेलची होती आणि त्यातून निघालेलं पाणीच ते अंतराळवीर प्यायचे. मी तमिळनाडूत कारैकुडीला, विद्युतरसायनाच्या सरकारी संशोधन संस्थेत, पीएचडीला गेले ती याच्यासाठी. आई, तू स्टेशनवर रडलीस, दोन रात्रींचा प्रवास, तिकडे कोण ओळखीचं, पोळी मिळेल का. बाबा एकदा आले होते भेटायला, आठवतंय ना, संस्थेच्या आवारात फिरताना मी सांगितलं होतं की ही जागा अळगप्पा चेट्टियारांनी दिली, ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये, १९४८ साली. तुम्ही किती वेळ गप्प होतात आणि मग म्हणालात, बॅटरीसाठी एवढं दिलं माणसाने.

तिथे आणि नंतर जर्मनीत मी जे केलं ते आईला समजेल असं सांगते. फ्युएल सेलच्या मध्ये एक पडदा असतो, दुधाच्या पिशवीपेक्षाही पातळ. तो ओला असेल तरच त्यातून काम चालतं. सुकला की सेल बसला. पण जास्त पाणी साठलं तर हवेची वाट बुजते, तरी सेल बसला. पोहे भिजवतेस तसंच, कमी पाणी तर कोरडे आणि जास्त तर लगदा, फक्त इथे गाडी चढावर जोर लावते, उतारावर सोडते, बाहेर कधी ऊन कधी बर्फ, आणि प्रत्येक क्षणी पाणी बरोबर तेवढंच हवं. जर्मनीच्या थंडीत गाडी रात्रभर बाहेर उभी राहिली की आतलं उरलेलं पाणी गोठायचं, सकाळी ती सुरू करायची हे आमच्या टीमचं काम. आतल्या बारीक खाचांचा आकार बदलून पाणी कसं बाहेर काढायचं यावर आम्हाला पेटंट मिळालं, सहा जणांची नावं आहेत, माझं चौथं. ते सर्टिफिकेट मी तुम्हाला दाखवलं होतं पण कशाचं ते सांगितलं नव्हतं.

आता एक सांगायचंय. एका फ्युएल सेलचं व्होल्टेज किती असतं माहितीये, चालू असताना जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट. तुमच्या बॅटरीचं एक घर दोन व्होल्टचं, सहा घरं मिळून बारा. आम्ही तीनशेच्या वर सेल एकापुढे एक लावायचो, त्या थप्पीला स्टॅक म्हणतात. एकदा आमचा एक स्टॅक पुन्हा पुन्हा खराब व्हायला लागला, तीन आठवडे कुणाला कळेना, एकूण व्होल्टेज तर ठीक दिसायचं. आणि मला एकदम तुमचं दुकान आठवलं. पाच घरं चांगली आणि एक कमजोर असलं की बाकीची पाच मिळून त्या एकाला रेटतात, ते उलटं होतं आणि तेच सगळ्या बॅटरीला घेऊन मरतं, म्हणून तुम्ही प्रत्येक घर वेगळं तपासायचात, गिऱ्हाईक घाई करत असलं तरी. मी म्हटलं प्रत्येक सेल वेगळा मोजू या. आणि निघालाच, एका सेलला हायड्रोजन कमी पोचत होता, तो उलटा जात होता आणि त्याच्यातला कार्बनच जळत होता. आमच्या प्रमुखांनी विचारलं, हे कुठे शिकलीस. मी सांगितलं, माझ्या वडिलांचं पुण्यात बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे.

ते वाक्य मी तिथे परदेशात सहज बोलले आणि त्या रात्री झोप लागली नाही. कारण फर्ग्युसनला अकरावीत ॲडमिशन घेताना फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी नुसतं बिझनेस लिहिलं होतं आणि मैत्रिणींनी विचारलं तर ऑटोमोबाईल म्हणायचे. तुमच्या पँटला ॲसिडची भोकं असायची, आई ती रफू करायची, तुम्ही मला कॉलेजला सोडायला यायचं म्हणालात की मी बस आहे म्हणायची. तुम्हाला ते कळलं होतं का मला माहीत नाही. तुम्ही कधी बोलला नाहीत. मला माफ करा बाबा.

आणि दुसरं. २०१३ मध्ये मी परत आले तेव्हा सांगितलं होतं की कंटाळा आला, घरची आठवण येते. आठवण येत होती हे खरंच आहे, पण ज्या कंपनीत मी होते त्यांनी तो सगळा कार्यक्रमच बंद केला होता, हायड्रोजनचे पंप कुठे आहेत, गाड्या कोण घेणार, पैसे थांबले. बावीस जणांची टीम, आठ वर्षांचं काम, आणि आम्ही बनवलेले स्टॅक शेवटी प्लॅटिनम काढून घ्यायला दिले. मी स्वतः त्यांची मोजदाद करून सही केली. तुम्हाला सांगितलं असतं तर आईने जेवण सोडलं असतं म्हणून नाही सांगितलं. ऑगस्ट २०२२ ला आपल्या पुण्यातच केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी बनवलेली हायड्रोजनवरची बस आली तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण ठेवलं होतं आणि फोन करून विचारलं, ही तुझीच का. माझी नव्हती बाबा, दुसऱ्यांची होती, पण तो फोटो बघून मी ऑफिसात रडले, चांगल्या अर्थाने.

मग इथे आल्यापासून काय करते, तर लिथियम. स्कूटर आणि तीनचाकी रिक्षांच्या बॅटऱ्या, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या. तुमच्या बारा व्होल्ट शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेवढी वीज मावते, साधारण १.२ युनिट, ती तीस किलोच्या वर असायची, आणि तशा तुम्ही दिवसात किती उचलायचात देव जाणे, तुमची कंबर त्यातच गेली. तेवढीच वीज आता दहा-बारा किलोत बसते. पण एक अडचण आहे आणि तीच माझी गेली अकरा वर्षं. या बॅटरीचं व्होल्टेज सपाट असतं, भरलेली असो की पाव उरलेली असो, मीटर जवळजवळ तोच आकडा दाखवतो. तुमच्या भाषेत व्होल्टेज फसवतं. आणि ग्रॅव्हिटी बघावी तर ग्रॅव्हिटीच नाही, कारण लिथियम एका बाजूने निघतो आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो, मधलं द्रव आहे तसंच राहतं, खर्ची पडतच नाही. मग रिक्षावाल्याला कसं सांगायचं की स्वारगेटहून हडपसरला पोचशील की मध्येच थांबशील. आम्ही आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट सतत मोजतो, तापमान बघतो, गाडी थांबली की व्होल्टेज कसं स्थिरावतं ते बघतो, आणि त्यावरून अंदाज बांधतो. चुकतो पण, मग रिक्षावाल्यांच्या शिव्या खातो, आणि परत बसतो. कट्ट्यावर कुणी विचारलं तर हे सांगा बाबा, की माझी मुलगी लिथियमच्या बॅटरीसाठी हायड्रोमीटर बनवते. हे अगदी बरोबर होईल.

जॉन गुडइनफ म्हणून शास्त्रज्ञ होते, लिथियम बॅटरीचा तो महत्त्वाचा पदार्थ, कोबाल्ट ऑक्साईड, त्यांनी १९८० मध्ये मांडला तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि २०१९ ला नोबेल मिळालं तेव्हा ९७ वर्षांचे. त्यानंतरही नव्या बॅटऱ्यांचा ध्यास सुटला नव्हता. तुम्ही म्हणता ना आता काय कळणार मला या वयात, म्हणून सांगितलं.

या वर्षीपासून आमच्याकडे सोडियमच्या सेलवर काम सुरू झालंय. लिथियम बाहेरून आणावा लागतो, सोडियम मिठात आहे, आणि आई, आम्ही जो सोडियम कार्बोनेट वापरतो तो म्हणजे धुण्याचा सोडा, फक्त एकदम शुद्ध केलेला. वजनाने जड पडतात हे सेल, ते खरंय, आणि अजून महागही पडतात. पण तांब्याच्या पत्र्याऐवजी दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालतं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यांचं व्होल्टेज सपाट राहत नाही, वापरू तसं उतरत जातं, त्यामुळे आत किती उरलंय ते बरंच कळतं. पहिला आलेख बघितला तेव्हा मला तुमची कांडीच खाली जाताना दिसली.

येत्या रविवारी मी एक सेल उघडून आणते, पूर्ण उतरवून, साफ करून, आतल्या पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, म्हणजे आई तू घाबरू नकोस. बाबांनी हातात घेऊन बघावं अशी माझी इच्छा आहे. मागच्या वेळी मी घरचा इन्व्हर्टर लिथियमवर करू म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, जी उघडून बघता येत नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा, त्यावर मी वाद घातला, पण प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर मी एका वाक्यात देऊ शकले नाही. रविवारी बसून बोलू.

आई, माळ्यावर निळ्या ट्रंकेत बाबांचा हायड्रोमीटर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, भंगारवाल्याला काही दिलंस तर आधी तो काढून ठेव. आणि बाबा, इन्व्हर्टरचं पाणी संपत आलं असेल, गेल्या खेपेला दोन घरांत लेव्हल खाली दिसली होती. डिस्टिल्ड वॉटर मी येताना आणते. तुम्ही वाकून घालू नका, मी घालेन, तुम्ही फक्त खुर्चीत बसून ग्रॅव्हिटी वाचा.

तुमची,
धाकटी