जपानमधला इंग्रजीचा तास दोघांचा असतो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जाण्याविषयी आपल्याकडे जे छापून येतं त्यात व्हिसा, पगार, राहण्याची सोय असं सगळं असतं. वर्गात शेजारी उभ्या राहणाऱ्या जपानी शिक्षकाविषयी मात्र क्वचितच काही असतं. वर्ष सुखाचं जाणार की जाचाचं, हे बरंचसं त्याच्याशी कसं जमतं यावर ठरतं. म्हणून हे पत्र.

तिथल्या सरकारी शाळेत परदेशी शिक्षक ‘एएलटी’, म्हणजे सहायक भाषाशिक्षक असतो. तो परदेशी शिक्षक नेमण्याच्या, १९८७ साली सुरू झालेल्या सरकारी जेट योजनेतून गेलेला असो की एखाद्या कंपनीमार्फत, जपानी अध्यापन परवाना त्याच्याकडे सहसा नसतो. त्यामुळे तास, गुण आणि मुलांची सुरक्षितता यांची जबाबदारी जपानी शिक्षकाकडेच राहते.

कंपनीमार्फत जाणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी करार कोणत्या प्रकारचा आहे हे विचारायलाच हवं. ‘हाकेन’ प्रकारात कंपनी माणूस पुरवते आणि शाळेतले शिक्षक त्याला थेट काम सांगू शकतात. ‘ग्योमु इताकु’ म्हणजे कामाचा ठेका. त्यात शाळेने थेट सूचना द्यायच्या नसतात, त्या कंपनीकडूनच याव्या लागतात. दोघांनी एकाच वर्गात शिकवायचं आणि एकाने दुसऱ्याला काही सांगायचं नाही, ही व्यवस्था मुळातच सदोष आहे आणि तिचा त्रास मुलांनाही होतो. टाचणावर चर्चा टाळणारा, काहीच न सांगणारा सहशिक्षक आपल्याला तुसडा वाटतो. तो कदाचित नियम पाळत असतो. अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नये. पुढच्या महिन्याचे धडे आणि तासिका शाळेकडून लेखी मिळवून द्या, असं कंपनीच्या समन्वयकाला सांगावं.

करारात अशी अडचण नसेल तर मग सहशिक्षकावरचा ताण पाहावा. २०२१ पासून माध्यमिक शाळेच्या तीन वर्षांत १६०० ते १८०० नवे शब्द शिकवायचे असतात. आधीच्या अभ्यासक्रमात ही संख्या १२०० च्या आसपास होती. तासिका वर्षाला १४०, म्हणजे आठवड्याला चार. सहामाही-वार्षिकासारख्या परीक्षांच्या तारखा ठरलेल्या आणि तिसऱ्या वर्षाअखेर उच्च माध्यमिकची प्रवेश परीक्षा. वीस मिनिटांचा खेळ मागितला की तो नाही म्हणतो, याचं कारण इथे आहे. त्याऐवजी याच धड्यातल्या वाक्यरचनेवर सात मिनिटांचा सराव सुचवला तर बहुधा होकार मिळतो. प्राथमिक शाळेतलं दुखणं वेगळं आहे. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तासिका. तो बऱ्याच ठिकाणी वर्गशिक्षकच घेतो आणि इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण अनेकांना मिळालेलं नसतं. मागच्या भिंतीशी गप्प उभी राहणारी ही व्यक्ती आळशी नसते. मुलांसमोर चुकण्याची तिला भीती असते. तिला बोलायला भाग पाडू नका. मुलांच्या जोड्या पाडणं, त्यांना नावाने पुढे बोलावणं ही कामं तिच्याकडे द्या. वर्ग ती तुमच्यापेक्षा कितीतरी चांगला ओळखते.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मिनिटांच्या टाचणाचा. अर्ध्या पानावर तीन रकाने आखा: किती मिनिटं, कोण बोलणार, आणि त्या वेळी दुसरा काय करणार. पन्नास मिनिटांचा तास असेल तर पाच मिनिटं सुरुवातीचा संवाद तुमचा, दहा मिनिटं उजळणी आणि उच्चार, पंधरा मिनिटं व्याकरण जपानीतून सहशिक्षकाचं, पंधरा मिनिटं दोघांनी मिळून सराव, शेवटची पाच गृहपाठाला. तिसरा रकाना कधीच रिकामा ठेवू नये. ‘मला टेपरेकॉर्डरसारखं वापरतात’ ही तक्रार तिथूनच सुरू होते: तो व्याकरण समजावत असतो आणि तुम्ही फळ्याशेजारी पंधरा मिनिटं नुसते उभे. त्या वेळात फळ्यावर उदाहरणं लिहा, वह्या पाहत फिरा, मागे पडलेल्या मुलाशेजारी बसा.

टाचणाविषयी विचारायचं ते तास सुरू होताना नव्हे, दोन दिवस आधी, त्याच्या मोकळ्या तासिकेत. सकाळची शिक्षकसभा, मुलांबरोबर जेवण, साफसफाई आणि संध्याकाळचे क्लब यांत त्याचा दिवस भरलेला असतो. ‘मी काय करू?’ असा प्रश्न टाकला तर त्याच्यावर आणखी एक काम पडतं. ‘कोणतं पान? मला किती मिनिटं?’ हे दोन प्रश्न पुरेत. उत्तर आलं नाही तर स्वतःच अर्धं पान लिहून त्याच्या टेबलावर ठेवावं. कोऱ्या कागदापेक्षा लिहिलेल्यावर खुणा करणं त्याला सोपं जातं. ‘मुझुकाशीइ देसु ने’ याचा शब्दार्थ ‘अवघड आहे’, पण तो नकार समजावा. ‘चोत्तो...’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तरी नकारच.

तुमचं प्रत्येक वाक्य लगेच जपानीत सांगणारा सहशिक्षक हा सर्वांत चिवट प्रश्न. आठवडाभरातच मुलं इंग्रजीकडे कान देणं सोडतात, कारण जपानी येणारच असतं. ‘भाषांतर करू नका’ म्हटलं तर तो दुखावतो. त्याला दुसरी भूमिका द्या. नवा सराव आधी तुम्ही दोघं करून दाखवा, मग दोन मुलं, मग सगळा वर्ग. करून दाखवल्यावर सूचनेचं भाषांतर लागतच नाही. तरीही अडलं तर दोनदा इंग्रजीतून आणि तिसऱ्यांदाच जपानीतून, असं आधी ठरवून घ्या. त्याचं इंग्रजी मुलांसमोर दुरुस्त करणं मात्र कधीही नको. फळ्यावर चूक राहिली असेल तर तासानंतर, एकट्याला, पाठ्यपुस्तकाचं पान दाखवून विचारावं. एकदा वर्गासमोर मान खाली गेली की पुढे सहकार्य मिळत नाही.

सहशिक्षक तास तुमच्यावर सोडून बाहेर जात असेल तर ती सोय मानू नये. मुलाला इजा झाली तर प्रश्न दोघांनाही येतील. ‘तुम्हाला जावं लागलं तर कोण येणार?’ हे आधीच विचारून ठेवावं आणि तो नसताना पळापळीचा खेळ थांबवून लेखी काम द्यावं.

तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर नोंदी कामी येतात: तारीख, वर्ग, काय ठरलं होतं, काय झालं. विशेषणं नकोत. आधी त्याच्याशी बोलावं, मग तुमच्यासाठी नेमलेल्या ‘तान्तोशा’शी, म्हणजे तुमची जबाबदारी असलेल्या व्यक्तीशी, मग उपमुख्याध्यापकांशी. थेट शिक्षण मंडळाकडे गेलात तर सगळी स्टाफरूम दुरावते. जेटमधून गेलेल्यांना प्रांताचे सल्लागारही असतात. ही पायरी-पायरीची वाट केवळ मतभेदांसाठी आहे. लैंगिक छळ, मुलांसमोर अपमान, मुलाला मारणं हे त्याच दिवशी वर कळवावं. शारीरिक शिक्षेला तिथल्या १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार मनाई आहे.

आणखी एक. शिक्षकांच्या बदल्या १ एप्रिलपासून लागू होतात. म्हणून मार्चमध्ये नवी पद्धत मांडून शक्ती खर्च करू नये. एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत, नवा सहशिक्षक जुन्या सवयी रुजवण्याआधी, तीन रकान्यांचा कागद त्याच्यासमोर ठेवावा.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक