गाणं सोडलं नव्हतं

कोल्हापूर, रविवार सकाळ

चि. मंजू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सहस्रचंद्रदर्शन तुम्ही भावंडांनी फार मनापासून केलंत. ८१ निरांजनांचं ताट पेलताना सूनबाईचा हात अवघडला असेल, पण तिनं ओवाळणं आखडतं घेतलं नाही. सगळं डोळे भरून पाहिलं. तुझ्या भाषणातलं एक वाक्य मात्र तेव्हापासून मनात टोचतंय. ‘आईनं आमच्यासाठी गाणं सोडलं,’ असं तू म्हणालीस आणि टाळ्या पडल्या. तुझा गळा दाटून आला होता, म्हणून तिथं बोलले नाही. पण मंजू, हे खरं नाही. माझ्यामागं तू नातवंडांनाही हेच सांगशील, म्हणून लिहून ठेवते.

मी कार्यक्रम सोडले. १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा मी १९ वर्षांची होते. पुढं तिथं गायला जायचे. तंबोरा गवसणीत घालून एसटीच्या मागच्या बाकावर, दोन्ही हातांनी धरून. १९७४ला आजींना अर्धांगवायू झाला. तू पाच वर्षांची, सुहास दोनाचा. बाहेरगावी जाणं जमेना, मग बोलावणीही थांबली. वाईट वाटलं का? फार वाटलं. दोन वर्षं मी कुणाच्या मैफलीला गेले नाही, आपल्या गावच्या गायनसंस्थेची, देवल क्लबची पायरी चढले नाही. दुसऱ्या बायका गातात हे मला सोसवत नव्हतं. हे आज पहिल्यांदा तुला सांगतेय.

बाबांनी माझी समजूत घातली नाही. एका रात्री त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत गेला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी त्या आवाजाला पेलेल अशी गायकी नव्यानं घडवली. आपल्या जयपूर घराण्याची ती गायकी. दुसरी गोष्ट चित्रकार आबालाल रहिमानांची. १९२२ला शाहू महाराज गेले तेव्हा आबालालांनी दुःखाच्या भरात आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. ‘दोघंही आपल्याच गावात राहिलेले. तुला यातलं काय करायचंय?’ एवढं विचारून बाबा झोपायला गेले.

मी काही बुडवलं नाही.

नळाला साडेपाचला पाणी यायचं. साडेचारला उठले की मधला एक तास माझा. आजींना एकटं ठेवता येत नसे, म्हणून त्यांच्याच खोलीत खर्ज, खालच्या सप्तकातले स्वर, लावायला लागले. पहिल्यांदा वाटलं, त्यांची झोपमोड होईल. त्यांची वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी; पण महिन्याभरात डाव्या हाताचं बोट चादरीवर हलायला लागलं. समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, ते टेकायचं. ज्या सासूबाईंनी लग्नाआधी ‘मुलगी गाते’ म्हणून नाक मुरडलं होतं, त्या सात वर्षं रोज पहाटे माझ्या श्रोत्या होत्या. त्यांच्यासारखं ऐकणारं मला नंतर कुणी भेटलं नाही.

आणि तू. तुझ्या दिवाणखान्यातलं निळ्या फ्रॉकचं जलरंगातलं चित्र आठव. बाबांना शाळेतून आल्यावर उजेड जेमतेम तासभर मिळायचा आणि तू पाच मिनिटं नीट बसत नव्हतीस. मी गायला लागले की मात्र थांबायचीस. म्हणून ते चित्र होईपर्यंत रोज संध्याकाळी मी समोर बसून पूरिया राग गायले. चित्रात तुझी मान किंचित डावीकडे वळलीय, बघ. तिकडे मी बसलेय. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र पाहून तू बाबांना विचारलं होतंस, ‘हिला पण आई गाऊन दाखवायची?’ हळदणकरांनी आपल्या लेकीला, गीताला, त्या चित्रासाठी तीन तास उभं केलं होतं. त्या गीताबाई उपळेकर पुढं आपल्या कोल्हापुरातच राहिल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ला गेल्या. त्यांना भेटायचं राहूनच गेलं.

तुला पूरिया आणि मारवा शिकवताना सांगितलं होतं ते आठवतं? दोन्हींत स्वर तेच. पंचम दोन्हींत नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादाला लावायची. पण मारवा कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो, षड्जावर यायला तयारच नसतो. जीव टांगून ठेवतो. पूरिया गंधार-निषादावर बसतो, खाली मंद्रात उतरतो, तिथं त्याला घर असतं. त्या वर्षांत घरातून तू जे ऐकलंस त्याचा तू मारवा केलास. मी पूरिया गात होते गं.

ब्रश हातात घेतला तो ५८व्या वर्षी, हे तुला माहीत आहेच. सकाळी सहाला बाबांच्या मागून रंकाळा तलावावर. पांढऱ्या रंगाची ट्यूब त्यांनी मला कधी दिली नाही. उजेड हवा तिथं कागद कोरा राखायचा. मी घाईनं सगळं भरून टाकायचे. पावसाळ्यात संध्यामठ पाण्यात जातो, तेव्हा वर उरलेल्या दगडाचा ओला रंग मला अजून साधलेला नाही. बाबा असते तर दोन हातांत दाखवला असता.

कुरिअरनं एक वही पाठवतेय, १९७६ची. कागद महाग, म्हणून आम्हा दोघांत एकच वही असायची. मधलं पान उघड. वरती दुधाचा हिशेब, खाली माझ्या अक्षरात पूरियाच्या ताना, आणि समासात बाबांनी पेन्सिलीनं काढलेली तू, तोंडात अंगठा घालून झोपलेली. तानांच्या शेवटी तारीख आहे. तेव्हा मी गाणं सोडलेलं होतं, असं तू भाषणात म्हणालीस ते हेच वर्ष.

गणपतीला येशील तेव्हा गाडी मोठी आण. तंबोरा मिरजेला न्यायचाय. पेटीच्या काळी पाचचा माझा षड्ज आता खाली काळी तीनवर आलाय, जुन्या तारा तेवढ्या उतरवल्या की सैल पडतात, बोलत नाहीत. जाड तारा चढवून जवारी काढून घ्यायचीय, म्हणजे नाद पुन्हा खुलेल. कारागीर दोन दिवस ठेवून घेईल, तेवढे दिवस राहा. परत आणला की पहिली तार तू निषादाला लाव, माझ्या बोटांना खुंटी आता फिरत नाही.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी
आई