आई बसते तिथून बघा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, दुकानाच्या पत्रकाचा फोटो मिळाला. जुना ३२ इंची टीव्ही एकदाचा निघतोय, छान झालं. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटीही २०२५च्या सप्टेंबरात २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा ४३ इंची घ्याच. पण तुम्ही पेनाने गोल केलाय तो ओएलईडीभोवती, आणि भांडण तिथेच आहे.

चित्र देखणं असतं, कबूल. त्याला मागून दिवे लागत नाहीत. प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो नि विझतो, म्हणून काळं अगदी काळंकुट्ट दिसतं. पण ते ठिपके सेंद्रिय पदार्थाचे, जो जास्त पेटतो तो आधी झिजतो. आमच्याकडे मामंजी दिवसभर बातम्या लावतात. दोन वर्षांत आमच्या ओएलईडीच्या पडद्यावर खालच्या ब्रेकिंग न्यूजच्या पट्टीचा डाग बसला. परवा मॅच लावली तर हिरव्यागार मैदानावर मळकट पट्टा! आमच्या वॉरंटीत हे बसत नाही म्हणाले. आणि तुमच्याकडे सकाळी सातला लागलेल्या बातम्या जेवतानाही बंद होत नाहीत.

क्यूएलईडीचं नाव जुळं वाटलं तरी जात वेगळी. तो एलसीडीच, म्हणजे मागच्या दिव्यांचा उजेड पुढे गाळून चित्र दाखवणारा. मागे निळे एलईडी दिवे आणि मधल्या पापुद्र्यात क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण, निळ्या उजेडातून स्वच्छ लाल-हिरवा काढणारे. बाबा, २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांवरच्या कामाला मिळालं, तुम्ही कात्रणही ठेवलंय. रंग खुलतात, पण पैसे जास्त. नुसता 'एलईडी' म्हणून विकतात तोही एलसीडीच.

खरी मेख पत्रकात बहुधा नसतेच: एलसीडीचं पॅनेल, म्हणजे चित्र उमटतं तो पडदा, आयपीएस जातीचं आहे की व्हीए. व्हीएमध्ये पांढरा रंग काळ्याच्या तीन हजारपट आणि त्याहूनही उजळ मिळतो, आयपीएसमध्ये साधारण हजारपट. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत व्हीए सरस. पण तो समोरून बघायचा. बाजूला सरकलं की रंग पांढुरके पडतात. आयपीएस बाजूनेही तसाच दिसतो, फक्त रात्री दिवे मालवले तर त्याचं काळं राखाडी वाटतं. तुम्ही दिवे कुठे मालवता? 'अंधारात बघू नका, डोळे जातील' हे आई अजून मलाही सांगते.

बाबांची आरामखुर्ची टीव्हीच्या नाकासमोर. पण आई, तू बघतेस स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून, मेथी निवडत, मान वळवून. मालिकेतल्या बाईची साडी जांभळी की निळी यावरून तुमची वादावादी होते ना, निम्मा दोष त्या जुन्या पॅनेलचा असेल. म्हणून आयपीएस. बाबा, दुकानात आईला घेऊन जा. काळोखातलं एखादं दृश्य लावायला सांगा आणि तिला बाजूला, थोडं खाली बसून बघू दे. मी परवा इथल्या दुकानात उकिडवी बसले होते. पोरगा म्हणाला, 'मॅडम, काही पडलं का?'

टेबलाची रुंदीही मोजा. पाय दोन्ही टोकांना असतात आणि ४३ इंच हे माप तिरकं. आडवा टीव्ही सुमारे ९६ सेंटिमीटर भरतो.

पैसे देण्याआधी खोक्यावरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. एकाच मालिकेतल्या ४३ आणि ५० इंचीत पॅनेल वेगळं निघू शकतं, मी बघून सांगते. मागच्या वेळी नंबरावर बाबांचा अंगठा आला होता.

तुमची,
ताई