तिकीट खिडकीवर मोठी, घसरगुंडीवर लहान

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : तिकीट खिडकीजवळच्या चुकीच्या पट्टीमुळे मुलीच्या तिकिटाचे जादा पैसे घेतल्याबद्दल

महोदय,

तुमच्या वॉटर पार्कच्या तिकीट खिडकीशेजारी खांबावर उंचीची पट्टी चिकटवली आहे. ती दीड इंचाने खोटी आहे. त्या पट्टीवर माझी दहा वर्षांची मुलगी मोठी ठरली आणि तिचं पूर्ण तिकीट घेतलं गेलं. आत गेल्यावर तुमच्याच उंच घसरगुंडीच्या जिन्यापाशी दुसऱ्या पट्टीवर ती लहान ठरली आणि तिला खाली पाठवलं. दोन्ही पट्ट्यांवर लाल रेघ एकाच आकड्यावर आहे, साडेचार फूट. मुलगीही एकच होती. मधल्या वेळात तिने फक्त कपडे बदलले होते.

पूर्ण तिकीट ९०० रुपये, लहान मुलांचं ६००. म्हणजे मामला तीनशे रुपयांचा आहे. खिडकीवरचे तुमचे साहेब मला म्हणाले, "ताई, एवढ्या लांबून आलात, तीनशे रुपयांसाठी कशाला मूड घालवताय?" मी साताऱ्यात घरी शिवणकाम करते. अस्तराचा एक ब्लाउज शिवून दिला की साधारण तेवढे पैसे हातात पडतात, आणि मे महिन्यात शाळेच्या गणवेशांची गर्दी असताना मी तो ब्लाउज रात्री जागून शिवलेला असतो. तेव्हा मूड कशाने जातो ते माझं मला ठरवू द्या.

आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीतलं फिरणं आजवर फार खर्चाचं नव्हतं. ऊन चढायच्या आत अजिंक्यतारा चढून यायचं, एखाद्या रविवारी लिंबला बारामोटेची विहीर, वाईला गेलो तर ढोल्या गणपती आणि पुढे मेणवलीचा घाट, फारच झालं तर बामणोलीला शिवसागरात होडी. डबा घरचा, पाणी घरचं. पण मुलं मोठी होतात तशी त्यांची सुट्टीही बदलते. विहीर बघायला जाऊ म्हटलं की आता मुलगी विचारते, "तिथे जाऊन करायचं काय?" वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी वॉटर पार्कला जाऊन आल्या होत्या. म्हणून यंदा तिला, सात वर्षांच्या धाकट्याला आणि कऱ्हाडहून सुट्टीला आलेल्या नणंदेच्या मुलाला तुमच्याकडे आणलं. सोबत मुलांचे पप्पा आणि सासूबाई. सासूबाई पाण्यात पाय घालणार नव्हत्या, तरी त्यांचंही पूर्ण तिकीट काढलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फलकावर तसं लिहिलेलं होतं, आम्ही वाचून पैसे दिले.

आम्ही आलो एसटीने. कंडक्टरने मुलांकडे बघून एवढंच विचारलं, "वय काय?" पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, त्यामुळे तिघांची अर्धी. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं, म्हणून माझं आणि सासूबाईंचं अर्धं. गाडीत आमच्या घरात फुल तिकीट फक्त मुलांच्या पप्पांचं, त्यावरून सासूबाईंनी त्यांची बरीच चेष्टा केली. रेल्वेतही मुलांचं तिकीट वयावरच ठरतं. मी मुलीचं आधार कार्ड मोबाइलमध्ये घेऊन आले होते. तुमच्या खिडकीवर दाखवलं, तर तुमच्या माणसाने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. "आमच्याकडे वय चालत नाही, उंची चालते," म्हणाला.

ठीक, उंची चालते. मग ती नीट मोजा.

मुलीच्या पायात जाड तळव्याचे सँडल होते आणि केस वर बांधलेले होते. सँडल काढायला कोणी सांगितलं नाही. ती जरा अंग चोरून उभी होती, तर तुमच्या कर्मचाऱ्याने तिची हनुवटी वर केली आणि मोठ्याने म्हणाला, "ताठ उभी राहा! चोरून उभं राहिलं तरी पट्टी सांगतेच." मागे रांग होती. रांगेतली कॉलेजची पोरं हसली. मग माझ्याकडे वळून, "मुलगी मोठी झाली ताई, मान्य करा आता." दहा वर्षांच्या मुलीविषयी हे वाक्य चारचौघांत कसं ऐकू येतं, हे त्या मुलाला कळत नसेल. तो फार तर वीस-बावीसचा असेल. तुमच्या कंपनीने त्याला दुसरं काही शिकवलेलं नाही, एवढाच त्याचा दोष. त्याला कामावरून काढा असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या वयात मुलींना आपल्या उंचीचं आधीच अवघडल्यासारखं होत असतं. वर्गाच्या फोटोत शेवटच्या रांगेत उभं करतात म्हणून रडलेली मुलगी आहे ती.

तिच्या शेजारीच नणंदेचा मुलगा उभा होता. दोघांचा जन्म एकाच महिन्यातला. तो रेघेच्या खाली राहिला, त्याचं लहान तिकीट. याला तुम्ही योगायोग म्हणाल. मी गणवेशांची मापं घेते, मला तो वाटत नाही. पाचवी-सहावीच्या मुली त्याच वर्गातल्या मुलांपेक्षा उंच निघतात, कारण मुलींची झपाट्याची वाढ दहा-अकराच्या सुमाराला सुरू होते आणि मुलांची त्यानंतर साधारण दोन वर्षांनी. मुलींच्या स्कर्टला मी खाली दोन इंच माया ठेवते, तरी दिवाळीनंतर उसवून लांबी वाढवायला त्या परत येतात. म्हणजे उंचीवर तिकीट लावलं की एकाच वयाच्या मुलामुलीत मुलीचं तिकीट आधी पूर्ण होतं. तुमच्या मनात असं काही नसेल, पण गल्ल्यात तेच होतं. नियम करताना कोणी एखाद्या शिंप्याला जरी विचारलं असतं तरी कळलं असतं.

आत पोशाखाच्या खिडकीवर आणखी एक गंमत. तुमच्याकडे पाण्यात उतरायला नायलॉनचाच पोशाख लागतो आणि तो तिथूनच भाड्याने घ्यावा लागतो. मुलीला बायकांचा सर्वांत लहान पोशाख दिला, तो खांद्यावरून घसरत होता. बदलून मागितला तर ताई म्हणाल्या, "ही तर लहान आहे, हिला मुलांच्या मापातला घ्या." खिडकीवरून दहा पावलं आत आलो नाही तोच ती लहान झाली! भाडंही मुलांचंच घेतलं, पावती सोबत आहे. जाता जाता सांगते, त्या पोशाखांना काखेत एकच टीप मारलेली आहे आणि ताण तिथेच येतो. धाकट्याचा पहिल्याच उडीत उसवला. अनामत रकमेतून त्याचे पैसे कापायला निघाले होते, शिलाई दाखवल्यावर सोडलं.

घरचा डबा दाराशी अडवला, तो उन्हात ठेवलेल्या टेबलावर पडून राहिला आणि सासूबाईंचा दहीभात आंबला. तेही असो. खाद्यपदार्थ आणू नयेत असं तिकिटाच्या मागे छापलंय. चाळिशी लावून शोधलं तर सापडतं.

आता मुख्य गोष्ट. उंच घसरगुंडीसाठी तिघंही मुलं जिन्यापाशी गेली. तिथे साडेचार फुटांची अट आहे. ही अट मला पूर्ण मान्य आहे, तिच्यावर वाद नाही. पाण्याच्या वेगात हलकं अंग उसळतं, आणि खालच्या हौदात पाय टेकले पाहिजेत. मुलगे रेघेखाली होते, ते मुकाट्याने बाजूला झाले. मुलगी मात्र पुढे झाली, कारण खिडकीवर ती रेघेच्या वर होती, रांगेसमक्ष होती. अनवाणी, ओले केस खाली सोडलेले. ती आपसूक चवड्यांवर उंचावली. तिथला जीवरक्षक चांगला माणूस होता, हसून म्हणाला, "टाचा टेकव बाळा, टाचा टेकव." टाचा टेकवल्यावर ती रेघेच्या खाली गेली. "अजून लहान आहेस, पुढच्या वर्षी ये."

ती माझ्याकडे आली आणि रडली नाही, भांडली नाही. "मम्मी, मी नक्की किती आहे?" एवढंच विचारलं. मला माहीत होतं. जूनच्या गणवेशासाठी मी तिचं माप नुकतंच घेतलं होतं, उंची सव्वात्रेपन्न इंच. साडेचार फूट म्हणजे चोपन्न. ती पाऊण इंच कमी आहे. जिन्यापाशीची पट्टी खरं बोलत होती.

मग खिडकीवरची काय बोलत होती? टेप माझ्या पर्समध्ये असतेच. परत दाराशी गेले आणि खांबाजवळ फरशीला टेप टेकवून वर धरली. तुमची चोपन्नाची लाल रेघ साडेबावन्नवर आली. दोनदा बघितलं, मुलांच्या पप्पांना धरायला लावून तिसऱ्यांदा बघितलं. कारण शोधायला वाकावं लागलं, एवढंच. त्या जागी नव्या फरश्या बसवल्या आहेत आणि पट्टीचा तळ त्यांच्याखाली गेला आहे. पट्टीवर एक हा आकडा दिसतच नाही, सुरुवात दोनच्या जवळून होते. जमीन वर आली आणि पट्टी जागेवर राहिली. फरशी बसवल्यापासून त्या खांबाशी उभं राहिलेलं प्रत्येक मूल तुमच्या हिशेबात दीड इंच वाढलेलं आहे, सँडलचं वेगळं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण त्या दीड इंचात किती मुलांची तिकिटं पूर्ण झाली असतील, हे तुमच्या संगणकात निघेल, माझ्या टेपवर नाही निघणार.

हे मी खिडकीवर दाखवलं. साहेब बाहेर आले, टेपकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमची टेप ताणली गेली असेल." ताणलेल्या टेपवर माप कमी दिसतं, हे खरं आहे, त्यांना शिवणातलं एवढं कळतं याचं मला कौतुक वाटलं. म्हणून मी तीच टेप घेऊन जिन्यापाशी गेले. तिथली चोपन्नाची रेघ बरोबर चोपन्नावर आली. दोन्ही ठिकाणी टेप लावलेले फोटो सोबत जोडले आहेत. त्यावर उत्तर मिळालं, "बिल एकदा सिस्टीमला पडलं की कमी होत नाही."

कापडाच्या दुकानात लोखंडी मीटरवर सरकारी शिक्का असतो. मंडईतल्या तराजूचीही ठरावीक मुदतीने पडताळणी होते. तुम्ही माणसाचं पोर पट्टीला लावून त्यावर दर ठरवता, तर ती पट्टी शेवटची कोणी आणि कधी तपासली, हे मला लेखी कळवावं.

माझं मागणं असं आहे. मुलीच्या तिकिटाचे जादा घेतलेले तीनशे रुपये परत करा. खिडकीवरची पट्टी काढून फरशीपासून मोजून नवी लावा, आणि उंची घेताना पायातलं काढायला सांगा. वयाचा पुरावा असेल तर बारा वर्षांपर्यंत लहान तिकीट द्या. तुमच्या मोठ्या घसरगुंडीवर ज्या मुलाला जाऊ देत नाही त्याच्याकडून मोठ्यांचं तिकीट घेऊ नका, हे तर सांगायलाही नको होतं. आणि पट्टीची जागा रांगेच्या तोंडासमोरून हलवा. मुलांना खांबाला लावून ओरडून आकडा सांगायची काही गरज नाही.

यापूर्वी तुमच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला होता. तिथल्या मॅडम गोड बोलल्या आणि पुढच्या भेटीसाठी वीस टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. ते मी वापरणार नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझी मुलगी तुमच्या खऱ्या पट्टीनेही मोठी झालेली असेल, तेव्हा पूर्ण तिकीट घ्या, मी हूं की चूं करणार नाही. यंदाचे पैसे यंदाच्या उंचीचे द्या.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तेव्हा साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायला मला रिक्षाभाड्याखेरीज खर्च नाही. वकीलही लागत नाही. टेप घेऊन मीच येईन.

तिकीट व पोशाख भाड्याच्या पावतीची झेरॉक्स, दोन्ही पट्ट्यांचे फोटो आणि मुलीच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पैसे परत करण्यासाठी बँकेचा तपशील वेगळ्या कागदावर दिला आहे.

आपली,
एक ग्राहक
सातारा