बागेतले किडे पाळीव सरड्याचे अन्न नव्हे

माननीय संपादक, स. न.

आपल्या पुरवणीत पाळीव विदेशी सरड्यांविषयी आलेल्या लेखात पिंजरा आणि दिवे यांची माहिती नेमकी होती; आहाराचा विषय मात्र ‘बागेतले कोणतेही किडे चालतात’ एवढ्या एका वाक्यात संपवला होता. ते वाक्य घातक आहे, म्हणून हे पत्र. घोरपडीसारखे देशी प्राणी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मी लिहितो आहे ते मूळच्या ऑस्ट्रेलियातील, पण बंदिवासात पैदास झालेल्या बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याविषयी.

बागेतल्या किड्यांवर कोणती फवारणी झाली आहे, हे पाळणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही, आणि त्यांच्यातून परजीवीही सरड्याच्या पोटात जातात. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत चमकणाऱ्या काजव्यांचे आपल्याला कौतुक असते, परंतु अमेरिकेतील काजवे खाऊन हे सरडे दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. तेव्हा काजवा कुठलाही असो, तो देऊच नये.

विकतच्या किड्यांतही निवड करावी लागते. मी पहिले सात-आठ महिने माझ्या सरड्याला केवळ मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) दिले, कारण शोभेच्या माशांच्या दुकानात ते सहज मिळत आणि ‘एवढे पुरे’ असे दुकानदाराने सांगितले होते. त्याचा खालचा जबडा मऊ पडला, मागचे पाय थरथरू लागले, आणि क्ष-किरण तपासणीनंतर पशुवैद्यांनी हा मुलांच्या मुडदुसासारखाच विकार असल्याचे सांगितले. रातकिडे काय किंवा मीलवर्म काय, त्यांच्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो. सरड्याला गरज असते ती फॉस्फरसपेक्षा जास्त, साधारण दुपटीपर्यंत कॅल्शियमची. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच भरपूर असते. बाकी किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यावेत आणि पिंजऱ्यात यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा असावाच. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको.

किडे नुसते जिवंत ठेवले म्हणजे साठवणूक झाली, असेही नाही. उपाशी किडा म्हणजे रिकामे टरफल. म्हणून देण्याआधी किमान एक दिवस त्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खाऊ घालावा. पालक नको, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. रातकिडे पाण्याच्या वाटीत बुडून मरतात, त्यांना गाजराच्या फोडीतला ओलावा पुरतो. त्यांच्या डब्याला जाळीचे झाकण हवे आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावावेत. वैशाखात बंद झाकणाच्या डब्यातले माझे सगळे रातकिडे एका दुपारीत मेले होते. मीलवर्म गव्हाच्या कोंड्यात घालून फ्रिजच्या सर्वांत कमी थंड कप्प्यात, सात ते दहा अंशांवर, काही आठवडे टिकतात, मात्र आठवड्यातून एकदा बाहेर काढून त्यांना खायला द्यावे लागते. सुपरवर्म या दुसऱ्या अळ्या दिसायला तशाच असल्या तरी त्या फ्रिजमध्ये मरतात. पावसाळ्यात कोंड्याला बुरशी आणि माइट (अगदी बारीक किडे) लागतात. म्हणून मी नवा कोंडा आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवतो.

न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नयेत, कारण ते झोपलेल्या सरड्याची कातडी कुरतडतात.

लेखातील बागेतल्या किड्यांविषयीचे वाक्य पुढील पुरवणीत दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे