टाळ्या स्टेजला, कुजबुज आम्हाला

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पुरवणीत थायलंड टूरवर लेख येतात म्हणून लिहितोय. मी पुरुष आहे, नोकरी करतो, आणि मला साडी नेसायला आवडते, घरी दार लावून नेसतो. ग्रुपसोबत पट्टायाला गेलो तेव्हा टिफनीजचा कॅबरे शो होता, 1974 पासून चालू आहे तो, म्हटलं इथे नाही तर कुठे, हॉटेलवरच निऱ्या पिनअप केल्या, लिपस्टिक लावली आणि बसमध्ये चढलो. सगळे चिडीचूप. गाईड हळूच म्हणतो, सर चेंज करून या ना, फॅमिलीवाले आहेत. आता बोला! हेच फॅमिलीवाले तासाभराने पिसांचे मुकुट घातलेल्या कलाकारांना शिट्ट्या मारत होते, हिंदी गाणं लागलं तर काका लोक खुर्चीतच नाचायला लागले, आणि शो सुटल्यावर बाहेर थाई बाथ मोजून फोटो काढायला झुंबड. (त्या कलाकार बहुतेक ट्रान्स बायका, मी नुसता साडी नेसणारा पुरुष, पण आपल्याकडे सगळ्यांना एकाच माळेत ओवतात.) त्यातल्या एकीने माझा पदर नीट लावून दिला, फोटोचे पैसे पण नाही घेतले.

बालगंधर्वांची साडीची फॅशन घरंदाज बायका कॉपी करायच्या, 1964 ला पद्मभूषण पण दिलं त्यांना, पुण्यात त्यांच्या नावाच्या थिएटरात लावणीचे शो होतात, मग तिथे प्रेक्षकात मी साडी नेसून बसलो तर कुणाचं काय बिघडतं?

नाव छापू नका प्लीज, आई तुमचा पेपर शब्दकोड्यासकट वाचते.

एक वाचक, पुणे